ऐनवेळी डोकं बंद पडतं : तुमचं काय होतं, आणि तुम्ही काय करता?

सोमवारची_सकाळ
मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मागच्या शुक्रवारी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. मी टीमलीड, आठ जणांची टीम. रात्री साडेअकराला गो-लाईव्ह केलं, पावणेबाराला पेमेंट अडकायला लागली आणि दहा मिनिटांत कॉलवर सत्तावीस माणसं. त्यात क्लायंटकडचे दोन साहेब. सगळ्यांचा एकच प्रश्न, "स्टेटस काय?" मी म्यूट काढलं, तोंड उघडलं आणि आवाजच नाही. डोक्यात एकदम वीस गोष्टी गर्दी करून उभ्या पण एकही जिभेवर येईना. समोर लॉग उघडा आहे, अक्षरं दिसतायत पण वाचता येत नाहीत, असलं काहीतरी. शेवटी दोन वर्षं अनुभव असलेली टीममधली मुलगी म्हणाली, "सर, रोलबॅक चालू करू का?" (म्हणजे नवं काढून जुनं परत बसवणं.) मी म्हटलं कर. वीस मिनिटांत सगळं जागेवर.

यातला विनोद असा की रोलबॅकची प्रोसिजर मीच लिहिलेली आहे. आठ पानी.

सोमवारी ऑफिसात कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. तर प्रश्न असा की दडपणाखाली शांत राहणं शिकता येतं का? की धोनीसारखं ते जन्मतःच डोक्यात बर्फ घेऊन यावं लागतं? आणि स्वतःचीच तंतरलेली असताना टीमला कसं सांभाळायचं? पुढचं रिलीज सहा आठवड्यांनी आहे. पुस्तकी नको, स्वतःचे अनुभव सांगा.

खवचट_काका
आठ पानी प्रोसिजर आगीच्या वेळी वाचायची म्हणजे बंब यायच्या आधी निविदा काढण्यासारखं आहे.

बारावा_गडी
धोनीचं नाव काढलंत म्हणजे मला यावंच लागणार.

2 एप्रिल 2011, वानखेडे. 275 करायचेत. सेहवाग शून्यावर, सचिन 18 वर, दोघांनाही मलिंगानं घालवलं. गंभीर-कोहलीनं सावरलं आणि मग कोहली 35 वर गेला, 114 ला 3. येणार होता युवराज, जो त्या वर्ल्डकपमधे तुफान खेळत होता. आला धोनी, ज्याचा त्या स्पर्धेत तोवरचा सगळ्यात मोठा स्कोअर होता 34. हरला असता तर रांचीला घरी जाता आलं नसतं बिचाऱ्याला. लोक म्हणतात काय डेअरिंग. पण त्याचं कारण त्यानं नंतर साधं सांगितलं: ऑफस्पिनर टाकत होते, मुरलीला तो चेन्नईच्या नेटमधे रोज खेळलेला, आणि गंभीर डावरा असल्यानं उजवा-डावरा जोडी राहत होती. नाबाद 91, 79 बॉलमधे. म्हणजे बर्फबिर्फ जाऊद्या, त्याच्याकडे एक हिशोब होता आणि त्या हिशोबावर तो बोलत बसला नाही, उठून पॅड बांधून गेला. मला वाटतं दडपणात डोकं शांत आधी होत नाही. करायला एक ठोस काम मिळालं की मग होतं.

अवांतर: पुणेकर असाल तर धोनी सोडा, आपला हृषीकेश कानिटकर आठवा. जानेवारी 1998, ढाका, पाकिस्तानविरुद्ध 315 चा पाठलाग, अंधार पडत आलेला, 2 बॉलमधे 3 हवेत आणि समोर सकलेन. मिडविकेटला चौकार. आमच्या वाड्यात टीव्ही एकच होता आणि त्या बॉलला मी डोळे मिटलेले होते, त्यामुळे आयुष्यभर रिप्लेच बघतोय.

चहाबाज
कानिटकर!!! +100. त्या रात्री आमच्या शेजारच्या आजींनी सगळ्या आळीला गूळ वाटला होता, घरात पेढे नव्हते म्हणून.

संदर्भासहित
धागाकर्ते, पुस्तकी नको म्हणालात तरी थोडं पुस्तकी सांगतो, कारण ट्रेनिंगमधे हमखास जो उलट्या यू चा आलेख दाखवतात (थोडं प्रेशर चांगलं, जास्त वाईट) तो यर्क्स आणि डॉडसन यांचा, 1908 चा. त्यांनी तो माणसांवर काढलाच नव्हता. उंदरांवर काढला. पांढऱ्या आणि काळ्या खोक्यातला फरक ओळखायचा, चुकलं की विजेचा झटका. फरक ओळखायला सोपा असेल तर झटका वाढवला तरी उंदीर लवकर शिकायचे, पण फरक बारीक असेल तर जोराच्या झटक्यानं शिकणं बिघडायचं. म्हणजे काम जितकं किचकट तितकं कमी दडपण सोसतं, एवढंच त्यातून घ्यावं. एचआरवाले मात्र उंदीर गाळतात आणि आलेख ठेवतात.

दुसरं. ऐनवेळी गळपटण्याचे दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करतात. एक म्हणजे चिंता डोक्यातली जागा खाते, विचार करायला जागाच उरत नाही. तुमचं हे झालं. दुसरा प्रकार म्हणजे हातात बसलेल्या कामाकडे अचानक बारकाईनं बघायला लागणं. सायन बाइलॉक म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत (सध्या डार्टमथच्या अध्यक्ष), त्यांच्या गोल्फवरच्या प्रयोगांत असं दिसलं की नवशिक्यांना स्वतःच्या फटक्याकडे लक्ष देण्याचा फायदा होतो, पण मुरलेल्यांचं त्यानंच बिघडतं. जिना उतरताना कुठला पाय आधी टाकतोय याचा विचार करून बघा, पडाल. त्यामुळे सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

खवचट_काका
प्रयोग म्हणून आत्ता जिना उतरून बघितला. बायको विचारतेय काय झालं.

रात्रपाळी
मी आयसीयूमधे सिस्टर आहे, एकोणीस वर्षं झाली. तुम्ही म्हणताय ते "अक्षरं दिसतात पण वाचता येत नाहीत" हे मी पहिल्या वर्षी अनुभवलंय, औषधाच्या ट्रॉलीसमोर उभी आणि अॅम्प्यूल हातात येईना, डोळ्यासमोर असून.

आमच्याकडे पेशंटचं हृदय थांबलं की कोड जाहीर होतो आणि दोन मिनिटांत बेडभोवती आठदहा जण जमतात. पूर्वी काय व्हायचं, सगळ्यात सीनियर डॉक्टर स्वतः छाती दाबायला घ्यायचे आणि मग बाकी सगळे एकमेकांच्या अंगावर. कुणीतरी ओरडायचं "अॅड्रेनलिन द्या!" आणि कुणाला ते कळायचं नाही, म्हणजे एकतर कुणीच द्यायचं नाही नाहीतर दोघं भरायला लागायचे. आता शिस्त अशी की जो लीडर आहे तो बेडच्या पायथ्याशी उभा राहतो आणि कशालाच हात लावत नाही. हे वाचायला सोपं आहे, करायला फार कठीण, कारण हात शिवशिवतात. पण हात घातला की त्याचं जग त्या एका सुईएवढं होतं आणि मॉनिटरकडे बघणारा कुणी उरत नाही. आणि बोलायचं ते नाव घेऊन. "सिस्टर अमुक, अॅड्रेनलिन एक मिलिग्राम द्या." तिनं मोठ्यानं परत म्हणायचं, दिल्यावर पुन्हा सांगायचं, "दिलं, एक मिलिग्राम, दहा चव्वेचाळीस." नवीन मुलींना सुरुवातीला हे नाटकी वाटतं, हसतात. मग पहिला कोड बघतात आणि हसायच्या थांबतात.

दादा, तुमच्या त्या मुलीनं केलं ते बरोबरच होतं, पण तिनं विचारेपर्यंत थांबायला नको होतं. तिला आधीच माहीत हवं होतं की रोलबॅक तिचा आहे. आणि हो, मी अजूनही घाबरते. कोड संपल्यावर बाथरूममधे जाऊन दोन मिनिटं नळ सोडून उभी राहते. पण चालू असताना भीतीला वेळच मिळत नाही, कारण तीस वेळा दाबा दोन श्वास द्या, तीस वेळा दाबा दोन श्वास द्या, मोजायचं असतं ना.

सोमवारची_सकाळ
सिस्टर, "कशालाच हात लावत नाही" हे वाचून गप्प झालो. त्या रात्री मी कॉल ऐकत होतो, लॉग वाचत होतो, चॅटवर डेटाबेसवाल्याला उत्तर देत होतो आणि साहेबांना पण सांगायचं होतं. सगळ्याला हात लावला होता.

राधानगरीकर
आमच्या कांबळवाडीच्या पोराचं नाव कुणीच काढंना म्हणून लिहितोय. स्वप्निल कुसाळे. पॅरिस, 1 ऑगस्ट 2024, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन, कांस्य, 451.4. तवा रेल्वेत टीसी व्हता गडी, धोनीगतच.

पण मेडल सगळ्यांस्नी म्हाईत हाय, त्याच्या आदलं कुणी सांगत नाही. 2023 ला हांगझोच्या एशियन गेम्समधी फायनलला हाच गडी सगळ्यांच्या पुढं होता आणि एकच शॉट 7.6 गेला. चौथा आला. एका शॉटनं! आमच्या तालमीत पोरं रडली तवा. आणि वर्षाच्या आत ऑलिम्पिकची फायनल. गुडघ्यावरच्या पोझिशननंतर सहावा होता, तिथनं उभ्या पोझिशनला वर सरकत आला. नंतर बोलला ते बघा, की पोटात कालवत होतं म्हणून सकाळी काय खाल्लं नाही, नुसता कोरा चहा घेतला, छातीत धडधडत होतं, श्वासावर लक्ष ठेवलं आणि वेगळं काय करायचा प्रयत्न केला नाही. धडधड थांबली असं कुठं बोलला नाही तो. त्यामुळं ह्ये "शांत माणूस" वगैरे सगळं बाहेरनं बघणाऱ्यांचं हाय.

बारावा_गडी
@राधानगरीकर, लै भारी. नेमबाजीतला आणखी एक किस्सा, मॅथ्यू एमन्स, अमेरिकन. 2004 अथेन्स, हाच प्रकार, शेवटचा शॉट, सुवर्ण खिशात. शॉट उत्तम मारला, फक्त शेजारच्याच्या टार्गेटवर. शून्य मार्क, थेट आठवा. 2008 ला बीजिंगमधे पुन्हा शेवटच्या शॉटला आघाडी आणि पुन्हा 4.4. आणि त्याच बीजिंगमधे अभिनव बिंद्रा शेवटच्या शॉटला फिनलंडच्या हाकिनेनबरोबर बरोबरीत होता. हाकिनेननं 9.7 मारला आणि तो तिसऱ्यावर घसरला, बिंद्रानं 10.8. जगातल्या पहिल्या पाचातली माणसं ही, कौशल्यात काडीचा फरक नाही.

चिकित्सक_चिमणी
एक मिनिट. सगळे जिंकलेल्यांचेच किस्से सांगताय आणि मग त्यातून धडे काढताय. 2007 च्या टी-20 फायनलला हरभजनची एक ओव्हर शिल्लक असताना धोनीनं जोगिंदर शर्माला शेवटची दिली, 13 हव्या होत्या. पहिलाच वाईड. मग मिसबाहनं सिक्स मारला. मग त्यानं तो स्कूप केला आणि श्रीशांतनं कॅच धरला. तो बॉल चार हात पुढे गेला असता तर आज हीच मंडळी "दडपणाखाली चुकीचे निर्णय" या धाग्यावर जोगिंदरचं उदाहरण देत असती. आपण निकाल बघतो आणि मागे जाऊन स्वभाव चिकटवतो.

2024 ला पण तेच, बार्बाडोसला दक्षिण आफ्रिकेला 30 बॉलमधे 30 हव्या होत्या, क्लासेन मारत सुटलेला. शेवटच्या ओव्हरला सूर्यानं बाउंड्रीवर मिलरचा तो कॅच धरला तेव्हा त्याचा पाय दोरीला लागला असता तर रोहितच्या नेतृत्वावर आलेली सगळी लिंक्डइन पोस्ट आफ्रिकेच्या कप्तानाच्या नावानं आली असती.

बारावा_गडी
सूर्याच्या कॅचबद्दल नशीब म्हणू नका हो. बॉल आत फेकायचा, दोरीबाहेर पाऊल, परत आत येऊन धरायचा, हे ते लोक फील्डिंगच्या सरावात रोज करतात. त्या क्षणी सुचलेलं नाहीये ते.

चिकित्सक_चिमणी
सरावाबद्दल वाद नाहीच. माझा वाद "नेतृत्वाचे धडे" काढण्याशी आहे.

बखरबहाद्दर
धडे काढायचेच तर हरलेल्या लढाईतून काढा मग. 14 जानेवारी 1761.

खवचट_काका
आलं! पानिपत आलं! कितव्या प्रतिसादाला येतंय यावर मी आणि चहाबाजनी पैज लावली होती.

बखरबहाद्दर
काका, हसा. पण बघा, दुपारपर्यंत आपली बाजू वाईट नव्हती. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसून गर्दीत शिरले आणि अंबारी रिकामी दिसल्यावर फौजेनं धीर सोडला, असं सांगतात. भाऊंच्या शौर्याबद्दल प्रश्नच नाही, त्या जागी कुणाचंही काळीज फाटलं असतं. पण सिस्टर जे म्हणाल्या ना, पायथ्याशी उभं राहायचं, सगळ्यांना दिसेल असं, ते हेच. हजारो माणसं तुमच्याकडे बघून ठरवत असतात की अजून लढायचं की पळायचं.

आणि उलट उदाहरण सिंहगडचं, 1670. तानाजी पडल्यावर मावळे माघारी दोरांकडे धावले तेव्हा सूर्याजीनं दोर कापून टाकल्याचं सांगितलं, अशी परंपरेनं आलेली कथा आहे. पर्याय कमी केले की डोकं चालतं.

रात्रपाळी
दोर कापायचं मला नाही पटत. मावळ्यांचं ठीक आहे. माझ्या हाताखालच्या बावीस वर्षांच्या मुलीला मी "परतीची वाट नाही" सांगितलं तर ती तिथेच बसून रडेल. तिला मी सांगते, चुकलं तर मी मागे उभी आहे.

धावपट्टी
विमान दुरुस्तीत हयात गेली, आता निवृत्त. दोर कापणं आणि दोर ठेवणं दोन्ही एकाच घटनेत बघायचं असेल तर हडसन नदी बघा. 15 जानेवारी 2009, न्यूयॉर्क, पक्षी आपटून दोन्ही इंजिनं गेली, तेव्हा विमान जेमतेम 2800 फुटांवर. तिथून पाण्यावर उतरेपर्यंत साडेतीन मिनिटं. 155 माणसं, सगळी वाचली.

कॅप्टन सलनबर्गरचं सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातले पहिले काही सेकंद जास्त आवडतात. त्या क्षणी विमान सहवैमानिक स्काइल्स उडवत होता. कॅप्टन म्हणाला, "माझं विमान." स्काइल्स म्हणाला, "तुमचं विमान." संपलं. कोण काय करतोय याबद्दल शंका शून्य. स्काइल्स त्या जातीच्या विमानाचं ट्रेनिंग नुकतंच संपवून आलेला, चेकलिस्ट त्याला ताजी पाठ, म्हणून तो चेकलिस्टला लागला. आता चेकलिस्टची गंमत ऐका. दोन्ही इंजिनं बंद पडण्याची ती यादी लिहिलीच होती खूप उंचावरच्या विमानासाठी, भरपूर वेळ असेल असं धरून. ते पूर्ण करूच शकले नाहीत. कॅप्टननं मात्र यादीत बरंच खाली असलेलं एक काम, मागचं छोटं सहायक इंजिन चालू करणं, आधीच करून टाकलं, त्यामुळे वीज टिकली.

म्हणजे खवचट काकांची आठ पानांची थट्टा अगदी खरी आहे. यादी लिहिणाऱ्यानं ती खुर्चीत बसून, चहा पीत लिहिलेली असते.

सोमवारची_सकाळ
चहा पीतच लिहिली होती. कबूल.

यवतमाळी_हुरडा
यादीवरून आठवलं, अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, मूळचे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले बरं का, वडील उटी गावचे. डब्ल्यूएचओची ऑपरेशनची चेकलिस्ट त्यांच्याच टीमची. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत करून पाहिली, दिल्ली पण होतं त्यात, मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले असं 2009 मधे छापून आलं. त्या यादीत एक कलम असं आहे की चिरा द्यायच्या आधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. काऊन म्हणाल तर, एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गडबड दिसली की बोलतो. न बोललेला गप्पच राहते.

चिकित्सक_चिमणी
आणि कॅनडात ऑन्टॅरिओच्या 101 हॉस्पिटलांत तीच यादी सक्तीची केल्यावर मृत्यूदरात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हेही 2014 मधे छापून आलंय. खुणा करायला सांगितल्या की लोक खुणा करतात.

यवतमाळी_हुरडा
थे खरं आहे बावा. पण मंग त्यात यादीची चूक का वापरणाऱ्याची?

रात्रपाळी
दोघांचंही बरोबर. आमच्याकडे एका डॉक्टरांसमोर यादी वाचली की ते "हां हां हां" म्हणतात आणि दुसरे एक आहेत ते खरंच थांबतात आणि वॉर्डबॉयला सुद्धा नाव विचारतात. कागद तोच.

तिसरी_घंटा
अरे, नाटकवाले कुणीच कसे नाहीत इथे? दडपण बघायचं तर भरत नाट्य मंदिराच्या विंगेत पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी उभं राहा. हाताला हात लागत नाही इतकी पोरं थंड पडलेली असतात आणि समोर विरोधी कॉलेजं बोंबलायला तयार.

माझं दुसरं वर्ष. मी चाळीस तालमी केलेला प्रवेश, आणि समोरच्यानं एकदम दीड पान गाळून पुढचं वाक्य घेतलं. म्हणजे माझी बहीण मेल्याची बातमी यायच्या आधीच तो मला सांत्वनाला आला. मी ब्लँक. प्रेक्षकांत कुणीतरी खाकरलं. तेव्हा तिसऱ्या वर्षाची एक सीनियर, जिचं त्या प्रवेशात कामच नव्हतं, पाण्याचा तांब्या घेऊन एंट्री घेऊन आली, तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आधी पाणी पी. मग सांग काय झालं ते." मी खरंच पाणी प्यायले. आणि त्या घोटात सगळं दीड पान परत आलं! परीक्षकांनी नंतर तांब्याच्या त्या जागेचं कौतुक केलं, दिग्दर्शकानं मान डोलावून घेतलं, बेशरम.

संदर्भासहित सांगतात ते दोन प्रकार मला पटले. मी शब्द शोधत होते म्हणून सापडत नव्हते. हातात वस्तू आली आणि शोधणं थांबलं.

चहाबाज
"आधी पाणी पी. मग सांग काय झालं ते." हे वाक्य फ्रेम करून प्रत्येक वॉररूममधे लावावं.

चौथा_थर
मी गोविंदा होतो, परळ साईड, सात वर्षं. आधी बेसला आणि वजन कमी केल्यावर चौथ्या थराला. सगळ्यांना वाटतं टेन्शन वरच्या पोराला असतं. वरच्या पोराला काहीही नसतं, त्याला हंडी दिसत असते, आणि खाली सगळं जग टाळ्या वाजवतंय. वाईट हालत बेसची. मान खाली, समोरच्याच्या दंडात डोकं घातलेलं, वर काय चाललंय काहीही दिसत नाही. फक्त खांद्यावरचं वजन वाढत जातं आणि कुणाचातरी पाय थरथरतो तो आपल्याला कळतो. त्यात डीजे. त्यात पाणी मारतात. अशा वेळी एकच माणूस बोलायचा, आमचे सर, बाकी कुणी आवाज काढायचा नाही हा नियम. आणि ते बोलायचे काय, तर "पाच चढला. सहा चढतोय. दहा सेकंद." बस. "शाब्बास, हिंमत ठेवा" असलं काही नाही. ज्या वर्षी एक उत्साही कार्यकर्ता माईकवर "घाबरू नका, घाबरू नका" ओरडला त्या वर्षी आम्ही पडलो. खरं सांगतो, तोपर्यंत मी घाबरलोच नव्हतो.

सराव गुरुपौर्णिमेपासून. रात्री जेवून अकराला सुरू. आणि सरावात मुद्दाम पडायचं पण शिकवतात, कसं बसायचं, वरच्याला कसं झेलायचं. पडायची प्रॅक्टिस झाली की उभं राहणं सोपं जातं. सोमवारची सकाळ, तुम्ही रोलबॅक कधी उगाच, काही बिघडलेलं नसताना करून बघितलाय का?

सोमवारची_सकाळ
कधीच नाही. चार वर्षांत एकदाही नाही. हे लिहिताना लाज वाटतेय.

खवचट_काका
आमच्या सोसायटीतलं आग विझवायचं नळकांडं पण असंच आहे. वार्षिक पूजा होते त्याची.

खडूचा_तुकडा
दहावीला गणित शिकवते. मुलांना पेपरच्या दिवशी "टेन्शन घेऊ नका" सांगणारे पालक फाटकापाशी उभे असतात, त्यांनी घरी जावं अशी माझी नम्र विनंती आहे. दोन गोष्टी मी वाचून करून बघितल्या. एक, वर ज्या बाइलॉक बाईंचं नाव आलं त्यांच्या टीमचा 2011 चा प्रयोग, परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढायची. मी सराव परीक्षेला करते. एका मुलानं लिहिलं, "मला नापास व्हायची भीती नाही, बाबा गप्प बसतात त्याची आहे." तो कागद मी अजून ठेवलाय. दुसरी, हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांचा 2014 चा अभ्यास, की "मी शांत आहे" असं स्वतःला बजावण्यापेक्षा "मला हुरूप आलाय" असं मोठ्यानं म्हटलेल्यांचं गाणं, भाषण, गणित बरं झालं. धडधड दोन्हीत तीच असते, नुसतं नाव बदलायचं. माझ्या वर्गात मुलं ते म्हणताना इतकी हसतात की बहुतेक त्या हसण्यानंच काम होतं.

नागपुरी_संत्रं
2025 ला आमची दिव्या देशमुख जॉर्जियात बटुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्डकप जिंकली तेव्हा वय 19. पंधरावं मानांकन, फायनलला समोर कोनेरू हंपी, क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत, टायब्रेकला जिंकली आन् थेट ग्रँडमास्टर. शेवटी आईला मिठी मारून ढसाढसा रडली. रडणारे कच्चे असतात म्हणणाऱ्यानं तो व्हिडिओ पाहावा बे.

मुंबई_व्हाया_पनवेल
सगळे खेळ आणि युद्ध. मला या विषयावर एकच माणूस आठवतो. 26 नोव्हेंबर 2008, सीएसटी. विष्णू झेंडे, रेल्वेचे उद्घोषक. वरच्या केबिनमधून काय चाललंय ते दिसलं आणि ते माईकवरून सांगत राहिले, लोकांनी कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं ते. त्यांच्या केबिनवर पण गोळ्या आल्या. रोज "पुढील स्थानक"छाप बोलणारा आवाज, त्या रात्री पण तोच आवाज. आणि त्याच रात्री कामा हॉस्पिटलात अंजली कुलथे सिस्टरांनी वीस गरोदर बायकांना पँट्रीत हलवलं, दिवे घालवले. यातल्या कुणीही नेतृत्वाचं शिबिर केलेलं नसणार. दोघांनीही आपलं रोजचंच काम केलं, जागा बदलली फक्त.

रात्रपाळी
कुलथे सिस्टरांबद्दल आम्ही ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येक बॅचला सांगतो.

आळूची_वडी
मी लग्नाच्या केटरिंगमधे आहे, वाचून फार मजा आली. आमच्यात दडपण म्हणजे अडीचशे पानं सांगितलेली असतात आणि पंगतीला साडेतीनशे बसतात. अशा वेळी मुख्य आचारी ओरडायला लागला की वाढपी ताकात मीठ दोनदा घालतात, हे मी लिहून देते. आमचे महाराज काय करतात, पहिलं पान वाढायला स्वतः जातात, हळू चालत. बास. तेवढ्यात आत वरण वाढवून घेतलं जातं.

बखरबहाद्दर
अंबारी रिकामी नाही ठेवली त्यांनी.

खवचट_काका
बहाद्दर, आता वरणात पण पानिपत?

सोमवारची_सकाळ
(सात आठवड्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.)

रिलीज झालं. इथलं वाचून काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर.

आठ पानांचं एक पान केलं. तेही त्या मुलीनं केलं, मी फक्त गाळू दिलं. पानावर कामं अकरा आणि प्रत्येकासमोर माणसाचं नाव. रोलबॅक तिच्याकडे, कुणाला न विचारता करायचा अधिकार तिला, आकड्याची मर्यादा ठरवून, की इतकी पेमेंट अडकली की मागे फिरायचं. मग तीन बुधवार दुपारी चाचणीच्या सर्व्हरवर उगाचच रोलबॅक केला. पहिल्या बुधवारी पन्नास मिनिटं लागली! कारण एक पासवर्ड बदललेला होता आणि तो फक्त नोकरी सोडून गेलेल्या माणसाला माहीत. म्हणजे त्या शुक्रवारी वीस मिनिटांत झालं ते नशीबच. तिसऱ्या बुधवारी अकरा मिनिटं. आणि चौथा थर, तुमच्या सरांसारखं, कॉलवर बोलणारा एकच, मी. बाकीचे चॅटवर.

माझ्यासाठी एक पिवळी चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली, पहिली तीन वाक्यं लिहून. आत्ता आम्हाला काय माहीत आहे, कोण काय करतंय, पुढचं मी पंधरा मिनिटांनी सांगीन.

आणि बारा वाजून पाच मिनिटांनी अडकलंच काहीतरी. छोटं होतं पण साहेब कॉलवर आलेच. हात तसेच घामेजले, पोटात तेच. मी कीबोर्ड लांब सरकवला, चिठ्ठी बघून तिन्ही वाक्यं सावकाश, खणखणीत म्हटली. स्वतःवर खूष झालो अगदी. कॉलवर पूर्ण शांतता. मग चॅटवर तिचा मेसेज आला, "सर, तुम्ही म्यूटवर आहात."

तिसरी_घंटा
😂😂 मग?

सोमवारची_सकाळ
मग पाणी प्यायलो आणि परत म्हटलं. रोलबॅक करावा लागला नाही, तिनं आकडा बघून सांगितलं की मर्यादेच्या खाली आहे, थांबू. मी "रोलबॅक करूया" म्हणणार होतो.

रात्रपाळी
तिचा पगार वाढवा.

सोमवारची_सकाळ
शिफारस केलीये सिस्टर, आता तो प्रेशर एचआरवर.

खवचट_काका
उंदरांना झटका कुणी द्यायचा ते ठरलं म्हणायचं.